खर्जातला गांधार
(आंदोलन, संदमन आणि अनुस्पंदन यांची आपल्या परिसरातील कथा)



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या प्रयोगशाळेत मी बसलेलो आहे. टेबलावर सोनोमीटरची लांबट लाकडी पेटी असे. सर तारेवर कागदाचा चिमुकला तुकडा दुमडून ठेवीत, स्वरकाटा रबराच्या ठोकळ्यावर आपटून त्याचा दांडा पेटीवर टेकवीत आणि तारेखालची पाचर हळूहळू सरकवू लागत. बराच वेळ काही घडत नसे. मग एका जागी पाचर आली, की तो कागद थरथरू लागे आणि उडून खाली पडे. वर्गात हशा पिके. सर मात्र हसत नसत. ते म्हणत, "कागद कोणी उडवला ते सांगा." त्या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर आम्ही लगेच देत असू. त्याचे खरे उत्तर किती दूरवर पसरलेले आहे आणि त्याचा एक धागा आपल्या हुबळी-धारवाड-कुंदगोळ-मिरज या टापूतून कसा गेला आहे, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. आज तेच आपल्यापुढे मांडावे असा विचार आहे. मी संगीतज्ञ नाही, आणि इतिहाससंशोधक म्हणवून घेण्याचाही माझा अधिकार नाही. तेव्हा न्यून ते आपण सांभाळून घ्याल, अशी विनंती करून विषयाकडे वळतो.

१. घंटा आणि तिचा दोर

कोणतीही वस्तू आपल्या स्थिर जागेवरून हलवून सोडली, की ती मागे फिरते, वेगाच्या भरात पलीकडे जाते आणि पुन्हा परतते. झोपाळा, लंबक, वीणेची तार, पुलाची कमान या सर्वांना हा एकच नियम लागू आहे. एका सेकंदात अशा जितक्या फेऱ्या होतात ती तिची कंप्रता, आणि मधल्या जागेपासून ती जितकी दूर जाते तो तिचा परमप्रसर. प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी एक किंवा अनेक कंप्रता ठरलेली असतात. ती वस्तूच्या घडणीवर अवलंबून असतात, हलवणाऱ्याच्या इच्छेवर नव्हे.

गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात याविषयी जे लिहिले आहे, ते आजही वर्गात वाचून दाखवावे असे आहे. एक प्रचंड घंटा एकटा माणूस दोराने वाजवू शकतो. तो एका हिसक्यात तिला हलवीत नाही, तर तिच्या झोक्याच्या ठेक्यावर लहान लहान हिसके देत जातो. एकदा ती पुरती झोके घेऊ लागली, की तिला थांबवायला दोर धरणारे चार-सहा जणही जमिनीवरून उचलले जातात. जड लंबकसुद्धा केवळ तोंडाच्या फुंकरीने हलवता येतो, मात्र फुंकर वेळेवर घातली पाहिजे, असेही तो सांगतो. अनुस्पंदन म्हणजे हेच. येथे बळाचे महत्त्व दुय्यम आहे. वेळ साधणे मुख्य. सरांच्या प्रयोगातला कागद उडाला तो स्वरकाट्याच्या जोरामुळे नव्हे, तर तारेची लांबी अशी झाली, की काट्याचा प्रत्येक हिसका तारेच्या स्वतःच्या ठेक्यावर पडू लागला म्हणून.

पण दोर सोडून दिला, तर घंटा काही वेळाने आपोआप थांबते. खुंट्यांचे घर्षण आणि हवेचा अडथळा तिची ऊर्जा हळूहळू शोषून घेतात. याला संदमन म्हणतात. अनुस्पंदन ऊर्जा साठवते, संदमन ती वाटून टाकते. परमप्रसर कोठे जाऊन थांबणार, हे या दोघांच्या ताळेबंदावर ठरते. संदमन अल्प असेल, तर वस्तू फक्त आपल्या नेमक्या कंप्रतेलाच प्रतिसाद देते, पण तो प्रचंड असतो. संदमन अधिक असेल, तर ती आसपासच्या अनेक कंप्रतांना थोडाथोडा प्रतिसाद देते. पुढची सगळी कथा या दोन वाक्यांत सामावलेली आहे.

२. केशवापूरच्या रुळांवरून

आपण केशवापूरचे लोक रेल्वेच्या आवाजात वाढलो. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने हुबळीत आपली कार्यशाळा उभारली आणि या गावाचा नूर पालटला. २००३ पासून हुबळी हे दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे, आणि २०२३ मध्ये आपल्या स्थानकाचा १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातला सर्वांत लांब म्हणून खुला झाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल या कार्यशाळेवर पेटली आहे. संदमनाचा धडा तेथल्या कामगाराला पुस्तकाविनाही ठाऊक होता.

जुन्या लोहमार्गावर रुळांचे सांधे ठरावीक अंतरावर असत. रूळ १३ मीटर लांबीचे धरले आणि स्प्रिंगांवर बसलेला डबा सेकंदाला दीड वेळा खालीवर होतो असे मानले, तर दर सांध्याचा धक्का डब्याच्या ठेक्यावर कोणत्या वेगाला पडेल? १३ गुणिले दीड, म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. ताशी सुमारे ७० किलोमीटर. त्या वेगाला डबा झोपाळ्यासारखा उसळू लागतो. याहून कमी किंवा जास्त वेगात तीच गाडी तुलनेने निमूट धावते. हा उसळण्याचा हट्ट मोडायचा तर स्प्रिंगेच्या जोडीला ऊर्जा खाणारे काहीतरी हवे. जुन्या पानपट्ट्यांच्या स्प्रिंगेत पट्ट्या एकमेकींवर घासत आणि ते काम होई. पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तेलाचे दट्ट्ये बसवावे लागले. नुसती स्प्रिंग प्रवाशाला सुख देत नाही. तिच्यापाठी मुकाट्याने झिजणारे तेल ते देते.

जगातही हा धडा वारंवार गिरवला गेला आहे. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल जून २००० मध्ये खुला झाला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी आडवा हेलकावू लागल्यामुळे दोनच दिवसांत बंद करावा लागला. संदमक बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला. १९४० मध्ये अमेरिकेतील टॅकोमाचा झुलता पूल वाऱ्याने कोसळला, तो मात्र साध्या अनुस्पंदनाने, हे आमच्या पाठ्यपुस्तकातले विधान दुरुस्त करून घ्यायला हवे. तेथे वारा ठेक्यावर धक्के देत नव्हता. पुलाच्या पिळण्याच्या हालचालीनेच वाऱ्याकडून ऊर्जा ओढून घेतली, म्हणजे संदमन जणू उलट्या चिन्हाचे झाले. शिक्षकाने शिकवलेले पुढे तपासून पाहणे हीही त्याच्या स्मृतीची पूजाच होय.

३. मिरजेचा तंबोरा

याच लोहमार्गाने उत्तरेकडे गेले, की मिरज लागते. तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव. पंढरपूर भागातला कडू भोपळा, तुणीचे लाकूड, तबली, घोडी, खुंट्या आणि मणी यांतून तेथे तंबोरा उभा राहतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे.

भोपळा आवाज मोठा करतो, असे आपण सहज म्हणतो. पण भोपळ्यात ऊर्जा कोठून येणार? बोटाने तारेला जेवढी दिली तेवढीच ती असते. बारीक तार एकटी हवेला फारशी हलवू शकत नाही. तिची कंपने घोडीवाटे तबलीला आणि भोपळ्यातल्या हवेला मिळतात, आणि ते मोठे पृष्ठ हवेला ढकलते. म्हणजे तारेची ऊर्जा लवकर बाहेर काढून देणे, हे भोपळ्याचे काम. तारेच्या दृष्टीने पाहिले तर हे संदमनच आहे! आपण ज्याला नाद म्हणतो तो तारेचा होत जाणारा क्षय होय. घोडी फार सैल दाद देऊ लागली, तर आवाज क्षणभर मोठा होऊन विझतो. फार ताठ राहिली, तर तार बराच वेळ हलते पण ऐकू येत नाही. या दोहोंच्या मधला बिंदू मिरजेचा कारागीर बोटाच्या टिचकीने तबली ठोकून शोधतो. शिवाय पेटी एकाच स्वराला भरमसाट प्रतिसाद देणारी असून चालत नाही, नाहीतर तो एक स्वर भुंकतो आणि बाकीचे दबून जातात. पाश्चात्त्य चेलो वाद्यातील या दोषाला लांडग्याचा स्वर म्हणतात. त्यावर १९१६ च्या सुमारास कलकत्त्यातील एका तरुण सरकारी हिशेबनिसाने संशोधन केले. त्यांचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

तंबोऱ्याच्या चार तारांत एक पंचमाची, दोन जोडाच्या आणि एक खर्जाची. मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर खर्ज १२० चा. पण तार केवळ १२० ने हलत नाही. ती त्याच वेळी २४०, ३६०, ४८०, ६०० अशा पटींनीही हलत असते. यातला पाचवा, म्हणजे ६०० चा स्वर म्हणजे तार सप्तकातला गांधार. कोणीही न छेडलेला गांधार खर्जाच्या तारेतून उमटतो. जाणकार गायक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. जोडाच्या दोन तारांत अर्ध्या कंपनाचा फरक राहिला, तर दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुगून ओसरतो. भौतिकीत या डोलाला विस्पंद म्हणतात. तंबोरा लावणारा गवई हा डोल थांबेपर्यंत मणी सरकवीत राहतो. मोजमापाचे कोणतेही यंत्र हाती नसता तो अर्ध्या कंपनाचा हिशेब करीत असतो.

४. सांगलीचे देवल, मिरजेचे खाँसाहेब

हे सारे आकड्यांत मांडण्याचा पहिला मोठा भारतीय प्रयत्न आपल्याच टापूत झाला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ मध्ये नादाच्या संवेदनेवर आपला युगप्रवर्तक ग्रंथ लिहिला. पोकळ गोलक कानाशी धरून त्याने मिश्र नादातले एकेक उपस्वर वेगळे ऐकले. प्रत्येक गोलक फक्त आपल्या कंप्रतेलाच साद देई. १८८५ मध्ये इंग्लंडच्या एलिस याने निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वरसप्तकांची तुलना केली आणि सर्वांचे स्वर एकाच नैसर्गिक नियमाने बांधलेले नाहीत, असा निष्कर्ष काढला. या विचारांचे पडसाद इकडे उमटले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी ग्रंथांतल्या बावीस श्रुती म्हणजे नेमक्या किती कंप्रता, हे गायकाच्या गळ्यावरून शोधण्याचे ठरवले. त्यांना साथ लाभली अब्दुल करीम खाँसाहेबांची. तारेच्या लांबीवर मोजमाप करीत देवलांनी आपले गुणोत्तर मांडले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. न्यायखात्यातले अधिकारी क्लेमंट्स यांनी हा विषय उचलून १९१३ मध्ये स्वतःचा ग्रंथ लिहिला आणि या श्रुतींची खास पेटी विलायतेत तयार करवून घेतली.

या खटाटोपामागे तळमळ होती. साधी पेटी समान अंतराच्या बारा स्वरांवर बांधलेली असते. तिचा गांधार २४० च्या षड्जाला ३०२.४ येतो, तंबोऱ्यातून निघणारा ३००. वरच्या सप्तकात ६०४.८ आणि ६०० यांचा सामना होतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच विस्पंद! पेटी घराघरांत शिरत होती, आणि तिच्या मागोमाग कानाची सवय बदलत होती. हे थांबवण्याचा देवलांचा प्रयत्न होता.

१९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींच्या पेटीवर कडाक्याची चर्चा झाली आणि भातखंडे यांच्यासारख्या अभ्यासकांना ती पटली नाही. पुढेही तिचा प्रसार झाला नाही. मग देवल चुकले काय? माझे मत असे, की त्यांचे गणित चुकले नव्हते, प्रश्न अपुरा होता. तारेचा स्वर एका जागी उभा असतो. गळ्याचा स्वर मींडेने येतो, आंदोलित होतो, रागाप्रमाणे आणि क्षणाप्रमाणे किंचित सरकतो. १९६३ मध्ये जैरजभॉय आणि स्टोन यांनी वाजवलेल्या स्वरांची यंत्राने मोजणी केली, तेव्हा एकच गांधार वेगवेगळ्या वादकांत, आणि एकाच वादकाच्या वादनातही, बराच इकडे तिकडे होतो असे आढळले. बावीस खुंट्यांना बांधून ठेवता येईल असा तो नव्हता. तथापि ज्या आधाराशी ताडून पाहिल्यावर हे सरकणे सरकणे म्हणून कळते, तो तंबोऱ्याचा ३०० चा गांधार मात्र अढळ राहिला. देवलांचा आकडा गळ्याचा नव्हे, तंबोऱ्याचा होता, असे म्हटले तर त्यांना न्याय मिळेल.

खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत आणि जवारी काढण्यात निष्णात होते. मिरजेत त्यांनी अखेरचे वास्तव्य केले, १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे देहावसान झाले आणि मिरजेच्या दर्ग्यापाशी ते विसावले. धारवाडला आले की अंबाबाईंचे कर्नाटक संगीत ऐकायला ते त्यांच्या घरी जात. त्या अंबाबाईंच्या कन्या म्हणजे आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, अर्थात सवाई गंधर्व, यांच्याकडे शिकण्यासाठी त्या आपल्या स्थानकातून आगगाडीने कुंदगोळला जात. एक एक स्वर दीर्घकाळ लावून धरायचा, तो तंबोऱ्यात विरघळेपर्यंत सोडायचा नाही, ही किराणा घराण्याची शिस्त. भौतिकीच्या भाषेत सांगायचे, तर दोन नादांमधला शेवटचा विस्पंद थांबेपर्यंत वाट पाहण्याची ती शिस्त आहे.

५. रामन आणि कारागिराची बुद्धी

देवलांनी स्वराचे माप घेतले. रामन यांनी वाद्याचे मर्म पाहिले. हेल्महोल्ट्झचा ग्रंथ त्यांच्या आवडीचा होता. १८०० मध्ये टॉमस यंग याने दाखवले होते, की तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची स्थिर गाठ असते ते उपस्वर उमटत नाहीत. तार नेमकी मध्यावर छेडली, तर २, ४, ६ पटींचे स्वर गायब व्हायला हवेत. १९२१ च्या निबंधात रामन यांनी दाखवले, की तंबोऱ्यात आणि वीणेत ते खणखणीत ऐकू येतात. नियम मोडला होता. कारण घोडीत होते. तंबोऱ्याची घोडी धारदार नसून रुंद आणि किंचित बाकदार असते, आणि तार व घोडी यांमध्ये सुताचा धागा सरकवलेला असतो. तार हलताना त्या बाकावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. त्यामुळे ऊर्जा खालच्या उपस्वरांतून वरच्या उपस्वरांत पोचत राहते. जवारी म्हणतात ती हीच. साध्या तारेत वरचे उपस्वर आधी विझतात. जवारीच्या तारेत संदमनाच्या या क्रमाला सुताचा एक धागा आव्हान देतो!

तबला-मृदंगाविषयी तर रामन यांचे काम अधिकच आश्चर्यकारक आहे. एकसारख्या जाडीच्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर १, १.५९, २.१४, २.३० असे आडनिडे येतात. म्हणून ढोल-नगाऱ्याला निश्चित स्वर नसतो, असा पाश्चात्त्य ग्रंथांचा निर्वाळा. आपल्या कारागिराने पुडीच्या मध्यभागी शाईचे थर घोटून बसवले. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये आणि नंतर रामन यांनी बंगळूरहून १९३४ मध्ये दाखवले, की या शाईने पुडीचे पहिले नऊ कंपनप्रकार पाच गटांत गोळा होतात आणि त्यांची गुणोत्तरे जवळजवळ १, २, ३, ४, ५ येतात. चामड्यावर वाळू पसरून त्या गाठींच्या आकृती त्यांनी उमटवल्या. वाद्य बनवणाऱ्याने समीकरण मांडले नव्हते. तरी पिढ्यान्‌पिढ्या घोटत, ठोकत, ऐकत तो उत्तरापाशी पोचला होता. कारागिराच्या हाताला विज्ञानाच्या दरबारात साक्षीदार म्हणून उभे करणे, हे रामन यांचे मला सर्वांत मोठे देणे वाटते. ज्या प्रकाशविकिरणासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या मुळाशीही रेणूंची आंदोलनेच आहेत.

६. उपसंहार

आता आजच्याविषयी थोडे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि खिशातला दूरध्वनी यांनी गवयाची मोठी सोय केली आहे. प्रवासात, लहान घरात, एकट्याने रियाज करणाऱ्यास त्यांचा आधार आहे, आणि त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यांत एक गोष्ट हरवते. तेथे तार उतरत नाही, त्यामुळे ती लावावी लागत नाही. डोल ऐकून मणी सरकवणे, सुताचा धागा केसभर हलवून जवारी उघडताना ऐकणे, ही आपल्या परंपरेतली एकमेव प्रयोगशाळा होती, जिच्यात प्रत्येक विद्यार्थी रोज सकाळी अनुस्पंदनाचा प्रयोग करीत असे. तंबोऱ्याची मागणी घटली, तर मिरजेच्या कारागिराची पोरे दुसरा धंदा धरतील. मानांकनाचा कागद त्यांना अडवू शकणार नाही. मग भोपळ्याची टिचकी ऐकणारा कानही जाईल. रामन यांच्यासारखा कोणी पुढे आला, तरी त्याला प्रश्न विचारायला तेथे कोणी उरणार नाही.

म्हणून शाळेच्या चालकांना माझी नम्र सूचना आहे. आपल्या प्रयोगशाळेत सोनोमीटरशेजारी मिरजेचा एक तंबोरा ठेवावा. आठवी-नववीच्या मुलांनी तो लावून पाहावा. विस्पंद मोजावेत, मध्यावर तार छेडून यंगचा नियम मोडतो का ते पाहावे, सूत काढून पुन्हा पाहावे. खर्चाची बाब फार मोठी नाही. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर येत्या स्मृतिदिनापर्यंत हे होऊ शकते, आणि माझा वाटा मी आजच देतो.

सर विचारीत, "कागद कोणी उडवला?" आज मी म्हणेन, तारेने उडवला, कारण ती तशी लावलेली होती. शिक्षक दुसरे काय करतो? विद्यार्थ्याची पाचर तो हळूहळू सरकवीत राहतो, बराच वेळ काही घडत नाही, आणि त्याला स्वतःला कधीकधी तो कागद उडालेला पाहायलाही मिळत नाही.